जहाजअण्णांची सावड

कमठाण्यापासून समुद्र किती लांब, हे मला मास्तर असूनही धड सांगता यायचं नाही. पण त्या समुद्रात विमानांचं जहाज कुठं निघालंय, याची काळजी वीरभद्रअण्णांना! निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, तिकडं कोरियात लढाई जुंपलेली. बीदरच्या मोटारीनं कालचं वर्तमानपत्र आलं की अण्णा शाळेत हजर.

"मास्तर, वाचा वाचा! जहाज कुठवर आलं?"

मी वाचायचो, ते मांडीवर थाप मारायचे. "बघा! एवढं दांडगं जहाज, वरनं विमानं उडायलीत, पण एकलं निघालं का? न्हाई! पाण्याखालनं पाणबुडी आली तर? म्हणून भवताली दोस्तांची धाकली जहाजं. समुद्रात बी सावड लागती, मास्तर!"

सावड म्हणजे एकेक बैलवाल्या दोघांनी जोडी जमवायची. आज तुझं रान, उद्या माझं. अण्णांची सावड काशप्पाशी होती, पंधरा वर्षांची. ती बुडाली, तीही जहाजापायीच.

अण्णांनी गावाला जहाज दाखवायचं मनावर घेतलं. काशप्पाच्या बायकोची माहेरची पितळी परात मागून आणली, तळ्यात सोडली, भोवती दोस्तांच्या करवंट्या. अर्धा गाव काठावर. कागदाचं विमान बरोब्बर परातीत उतरलं आणि काय टाळ्या पडल्या! तिथं थांबावं की नाही? "इंजनाचं वजन पायजे," म्हणत अण्णांनी वर वरवंटा ठेवला. करवंट्या तेवढ्या तरंगत राहिल्या.

तेव्हापासून काशप्पा बोलेना. ज्वारीची पेरणी तोंडावर आली, रानातली ओल उडायला लागली. अण्णांकडं बैल एक, आणि घरात बोलायलाही तो बैलच.

"जाऊन भेटा की," मी म्हणालो.

"मी कामून जाऊ?"

पण दोन दिवसांनी मी बातमी वाचत असताना मधेच म्हणाले, "मास्तर, दोस्ती तुटली तर आधी कोण जातंय? दांडगं जहाज, का धाकलं?"

"ज्याला करमत नाही ते," मी म्हणालो. अण्णा उठलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशप्पाच्या दारात अण्णा उभे. हातात बैलाचा कासरा, डोक्यावर बीदरहून आणलेली नवी परात. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेलो होतो.

काशप्पानं परातीकडं निरखून पाहिलं. "विमान कुठाय?"

अण्णा कासरा हाताला गुंडाळायला लागले.

"दोन महिने झाले, अण्णा. जहाज कुठवर गेलं, बुडलं का तरलं, मला कोण सांगायलंय?"

अण्णांनी परात डोक्यावरून काढून तोंडापुढं धरली आणि तिच्याआड लेकरासारखे रडले. माझेही डोळे भरून आले. त्या दिवशीचं वर्तमानपत्र मी काशप्पाच्या रानात नेऊन, तिफणीमागं चालत वाचलं.