शून्य कोणी पुसलं?

आठव्या डावात लाईलच्या सॉसेजवरची मोहरीची चटणी टपकन पँटवर पडली. ती पुसायला त्याने मान खाली घातली, एवढंच त्याचं पाप.

वर बघतो तर पाहुण्यांचा फलंदाज पहिल्या बेसवर! आपल्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर, मातीत गुडघ्यावर, मान खाली. प्रेक्षक कळवळतायत. झालं काय?

लाईल हचेन्स या बेसबॉल मैदानाचा अधिकृत स्कोअरर, प्रेक्षकांच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसणारा. फलंदाज बेसवर स्वतःच्या फटक्यावर पोचला, म्हणजे हिट, की फील्डरच्या चुकीने, हे त्यानेच ठरवायचं. एरवी शेजारी विचारलं असतं. पण आज पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता त्याचा जावई कर्ट, आणि कर्टने अजून एकही हिट दिली नव्हती. अख्खी मॅच असं जमणं म्हणजे जन्मातून एखादा पराक्रम. अशा वेळी त्या गोष्टीचं नावसुद्धा काढायचं नाही. काढलं की पनवती लागते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"बर्निस, ती हिट होती की..."

गुणांचा फळा चालवणाऱ्या बर्निसने त्याच्या तोंडावर हातच दाबला. "जीभ आवरा!"

"अगं, मी बघितलंच नाही!"

"मग तर अजिबात बोलू नका!"

पलीकडच्या रेडिओवाल्या मर्लला विचारलं, तर त्याने माईक झाकला. "लाईल, मला याच गावात राहायचंय."

गेल्या वर्षी लाईलने कर्टविरुद्ध एक हिट लिहिली, तर पोरगी कार्लीन नाताळपर्यंत बोलली नव्हती. आणि आता न बघता फील्डरची चूक लिहिली, तर गाव म्हणणार, सासऱ्याने जावयाला वाचवलं. शेवटी त्याने छाती पुढे काढली.

"हिट."

"काय?" बर्निस किंचाळली.

"हिट म्हणतो ना! दाब बटण!"

फळ्यावरचं हिटचं शून्य गेलं, एक आला. मग पॉपकॉर्नचे डबे उडायला लागले. फोन वाजला. कार्लीन.

"बाबा, डोळे गहाण टाकलेत का? कर्टचा चेंडू फलंदाजाच्या बरगडीत बसला! म्हणून फुकटचा बेस मिळाला त्याला, त्यात कसली हिट!"

"मग तो शॉर्टस्टॉप मान खाली घालून काय करत होता?"

"बुटाची नाडी बांधत होता!"

घाईघाईने शून्य परत लागलं. टाळ्या पडल्या. आणि पुढच्याच चेंडूवर पुढच्या फलंदाजाने असा टोला हाणला की चेंडू कुंपणापलीकडे, गाड्यांच्या टपांवर. आता मात्र खरीखुरी हिट. चेंडूकडे कोणी बघितलंच नाही. सगळं मैदान वळून लाईलच्या खिडकीकडे बघत होतं.

मॅच कशीबशी जिंकली. मैदान रिकामं झालं तरी लाईल खाली उतरेना. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. कर्ट! लाईलने खुर्ची ढालीसारखी धरली.

"हे बघ कर्ट, माझं वय झालंय..."

कर्टने खुर्ची बाजूला सारली आणि त्याला मिठी मारली.

"बाबा, सुटलो! पनवती नको म्हणून चौथ्या डावापासून बाकावर माझ्याशी कोणी बोलेना. मी बसलो की सगळे उठून दुसऱ्या टोकाला. सूर्यफुलाच्या बिया मागितल्या, तर पिशवी जमिनीवर ठेवून पळाले! तो टोला बसला तेव्हा कुठे परत माणसात आलो."

"म्हणजे तू रागावला नाहीस?"

"मी नाही."

लाईलने खिडकीतून डोकावलं. खाली गाडीपाशी उभी असलेली कार्लीन वर बघत होती. तिने फाडकन पाठ फिरवली.

"आता किती दिवस बोलणार नाही माझ्याशी?"

"आपल्याशी," कर्ट म्हणाला. "मिठी मारलेली बघितली तिने." आणि त्याने पिशवी पुढे केली. "बिया घ्या."