दोन दशांश सेकंदांचा विलंब

रुग्णालयाचा नवा ट्रान्सफॉर्मर चालू केला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद पडत असे. सात वेळा चालू केला, सात वेळा बंद पडला, आणि वीज कार्यालयातल्या टेस्टरच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन सातव्यांदा पुढे गेलं.

टेस्टरचं कामच रिले, म्हणजे धोका दिसताच वीज तोडणारं यंत्र, तपासण्याचं, त्यामुळे कारण त्याला तोंडपाठ होतं. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर दहापट करंट ओढतो. उपाशी माणूस पहिला घास जरा मोठा घेतो, तसंच ते. बिघाड काही नसतो. पण रिले पडला शीघ्रकोपी. करंट वाढला की तो तिथल्या तिथे वीज तोडायचा. त्याला दोन दशांश सेकंद दम धरायला लावला की काम फत्ते. टेस्टरने तसा रीतसर अर्ज केला.

"विलंब?" साहेबांनी चष्मा काढला. "या कार्यालयात विलंब खपवून घेतला जात नाही. भिंतीवरची पाटी वाचली नाही?"

"साहेब, दोन दशांश सेकंद. शिंकेलाही याहून जास्त वेळ लागतो."

"आज दोन मागताय, उद्या तीन मागाल. वर मंजुरीला पाठवतो."

विलंबाची फाइल अकरा महिने फिरली. विधी विभागाने विचारलं, रिले दम धरत असताना जबाबदारी कोणाची? आस्थापना विभागाला प्रश्न पडला, हा काळ रिलेच्या रजेत धरायचा का? इकडे कळ आली की आई भिंतीला टेकून बसायची आणि विचारायची, "तुझं ते मशीन जेवलं का रे?" टेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अखेर आदेश आला. विलंब नामंजूर, तथापि वारंवार वीज तोडणं कार्यालयाच्या प्रतिमेस बाधक असल्याने, करंट चाळीसपट झाल्याखेरीज रिलेने हालचाल करू नये.

"साहेब, इथे काहीही झालं तरी चाळीसपट करंट येऊच शकत नाही. मग रिले असून नसल्यासारखा!"

"म्हणजे तक्रारही येणार नाही. सही करा."

टेस्टरला आई आठवली. त्याने चाळीसचा आकडा लावला आणि सही केली.

ट्रान्सफॉर्मर चालू राहिला. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. चौथ्या आठवड्यात, आईला ऑपरेशनसाठी आत नेत असतानाच, केबल खरोखरीची शॉर्ट झाली. रिले आदेशानुसार गप्प राहिला. ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला. चौकशीत रिले निर्दोष सुटला, कारण त्याने शिस्त मोडली नव्हती. सही टेस्टरची होती. तो निलंबित झाला.

आईला तशीच घरी आणली. थोरला भाऊ दारातच कडाडला, "उलटं टांगलं पाहिजे एकेकाला! माणसाच्या जिवाशी खेळ चालवलाय!" मग त्याने आईला खुर्चीत बसवलं आणि पंखा लावला. "काळजी करू नकोस, हा नाही बंद पडायचा. आपला फ्यूज सारखा उडायचा ना, मी त्यात चांगली जाड तार घातली. वर्ष झालं, एकदाही उडाला नाही बघ."

टेस्टर फ्यूजपर्यंत हात पोचावा म्हणून स्टूल शोधायला उठला.

तुम्ही साहेबांना खुशाल हसा. फक्त त्याआधी जरा उठून आपल्या मीटरखालचा फ्यूज उघडून बघा.