माहितीदार क्रमांक सात

अवधूतच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली होती, हीच त्यातली मोठी खोट. खुली म्हणजे कोणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा आणि शेवटी पेढे खाऊन जावं. एरवी अशा परीक्षेला काळं कुत्रंही फिरकत नाही. पण त्याच्या सासूबाई, मथुराबाई, ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि शेजारणीला सांगू लागल्या, "प्रबंधात मी आहे बरं का. सात नंबर."

अवधूतने नजर चुकवून प्रबंधाची पानं सारखी केली.

प्रबंधाचा विषय होता खडकीच्या कारखाना-वसाहतीतल्या बायकांचं जुनं जीवन. सार्वजनिक नळावरच्या भांडणांतून त्यांची एकजूट कशी झाली, हे त्याने पाचव्या प्रकरणात मांडलं होतं. बाकी साऱ्या म्हाताऱ्यांनी ती भांडणं रंगवून सांगितली. त्याच वसाहतीत संसार केलेल्या मथुराबाई मात्र म्हणाल्या, "छे! नळावर कधी भांडण झालं नाही." अवधूत दर रविवारी कोथरूडला त्यांच्या फ्लॅटवर जाऊन तेच पुन्हा विचारी. त्या थालीपीठ वाढत आणि नाही म्हणत. शेवटी मार्गदर्शक बाई कडाडल्या, "सासूबाई असोत नाहीतर आणखी कोणी. स्रोत तपासा, शेरा लिहा आणि पुढे सरका!"

त्याने शेरा लिहिला. नाव झाकलेलं, नुसता क्रमांक. तो त्यानेच हौसेने त्यांना सांगितला होता, पण सासूबाई कशाला प्रबंध वाचायला जातात? रविवारचं कोथरूडही तेव्हापासून बंद झालं. काम संपलं होतं.

आता मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. पदवी मिळाली नाही तर कॉलेजातली नोकरी हंगामीच राहील, असं प्राचार्यांनी चहा पाजून सांगितलं होतं.

बाहेरगावचे परीक्षक खुशीत होते. "लोक स्रोतांची नुसती यादी जोडतात, पारखत नाहीत. तुम्ही पारखलेत. उदाहरणार्थ, माहितीदार क्रमांक सात."

मथुराबाई सावरून बसल्या.

"'विश्वासार्हता कमी. स्मरण सोयीचे. स्वतःचा मोठेपणा जपण्याकडे कल.' हे कशावरून ठरवलंत?"

उत्तर अवधूतला पाठ होतं. इतर कोणाशीच त्यांचं म्हणणं जुळत नाही, एवढं म्हटलं की काम फत्ते. मागच्या रांगेत त्याची बायको उल्का मांडीवर पेढ्यांचे बॉक्स घेऊन त्याच्याकडे रोखून बघत होती. तेही त्याने सोसलं असतं. पण मथुराबाईंनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली, ते त्याला बघवेना.

"चुकून राहिलं सर ते," तो म्हणाला. "सात नंबर विश्वासार्ह आहेत."

"पूर्ण?"

"शंभर टक्के," उल्का मागून म्हणाली. खुली परीक्षा होती ना!

"मग नळावर भांडणं झाली नाहीत?"

"नाहीत."

"मग तुमचं पाचवं प्रकरण उभं कशावर आहे?"

ते कशावरच उभं नव्हतं. माहितीदारांना पुन्हा भेटा, प्रकरण नव्याने लिहा आणि सहा महिन्यांनी या, असं सांगून परीक्षक निघाले. पेढाही घेतला नाही. मधुमेह होता म्हणे.

परतताना तिघं एकाच रिक्षात होती. नळ स्टॉपच्या सिग्नलला मथुराबाईंनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे हुकली का हो पदवी?"

"नाही आई. लांबली."

"व्हायची हो भांडणं. रोज व्हायची. निम्मी मीच काढायचे. एकीची कळशी तर गटारात भिरकावली होती मी."

"मग तेव्हा नाही का म्हणालात?"

"पहिल्याच रविवारी हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या रविवारी कशाला आला असतात, अवधूतराव?"

उल्का रस्त्याकडे बघत राहिली. तीही बऱ्याच रविवारांत आईकडे फिरकली नव्हती. अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा शेरा अगदी बरोबर होता. स्मरण सोयीचंच होतं. ते कोणाच्या सोयीचं आणि का, हे मात्र त्याने कधी तपासलं नव्हतं.

मथुराबाईंनी बॉक्स उघडून त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"पुन्हा भेटा म्हणालेत ना ते? मग या की रविवारी. पण आत्ताच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "सगळं एकदम नाही हो आठवत मला."