बंद पडणाऱ्या गाडीचं सामुदायिक निदान

रस्त्यात माणूस पडला तर लोक वळसा घालून जातात. मोटारसायकल बंद पडली की मात्र थांबतात. माणुसकी आटली असं म्हणणाऱ्यांनी एकदा गाडी बंद पाडून बघावी.

कंपाउंडरची गाडी इमारतीच्या फाटकातच बंद पडली. रेस दिली की चालायची, सोडली की मान टाकायची. त्याला अकराच्या आत विवाह नोंदणी कार्यालयात पोचायचं होतं. ताई घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करत होती आणि तिच्या बाजूनं सही करायला हा धाकटा भाऊ तेवढा एकटा येणार होता. (आईवडिलांनी तिचं नाव टाकलं होतं.)

तो म्हणाला, रेस धरून हळूहळू जातो.

"म्हणजे रोग लपवून पळ काढणार?" शेजारचे निवृत्त सुपरवायझर म्हणाले आणि त्यांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली. समितीची स्थापना झाली ती अशी.

अध्यक्ष अर्थातच सुपरवायझर. सदस्य म्हणून तळमजल्यावरचे काका, एक विमा एजंट आणि रतीब घालून परत निघालेला दूधवाला. प्रत्येकाला या गाडीत आपल्याच जुन्या गाडीचं दुखणं दिसत होतं. काकांची गाडी सत्तर टक्के वेळा प्लगमुळे बंद पडायची. (उरलेल्या तीस टक्क्यांबद्दल काकू वेगळं सांगतात.) एजंट पेट्रोलमधल्या कचऱ्यावर ठाम होता. दूधवाल्याचा संशय कार्बोरेटरवर होता आणि पाना फक्त त्याच्याकडेच होता, त्यामुळे त्याचं मत बहुमतानं मंजूर झालं.

निरोगी इंजिन उभ्या उभ्या कसं चालतं ते सर्वांना कळावं म्हणून एजंटानं आपली गाडी शेजारी चालू करून ठेवली. ती बिचारी गुणी मुलीसारखी टुकटुकत उभी राहिली.

कार्बोरेटर सुटा होऊन वर्तमानपत्रावर आला. एक बारीक स्क्रू गटारात गेला; तो मुळातच अनावश्यक होता, असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला.

कंपाउंडरला वाटत होतं, सरळ पळत सुटावं, तर आपल्यासाठी चार माणसं हात काळे करताहेत, त्यांना टाकून जायचं कसं? मेली ही भीडच माणसाला खाते. अकरा वाजून गेले तसा ताईचा फोन आला. साहेब आणखी अर्धाच तास थांबणार होते.

"कोणाच्या तरी मागे बसून ये ना रे," ती म्हणाली. "माझं इथे कोणीच नाहीये."

त्यानं घसा खाकरला आणि एजंटाच्या चालू गाडीकडे भीतभीत बोट दाखवलं.

"अहो, ती नमुन्याची आहे," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "ती नेली तर तुलना कशाशी करायची?"

मुद्दा बिनतोड होता. कंपाउंडर खाली बसला आणि फडक्यानं कार्बोरेटरचा जेट पुसू लागला.

ताईच्या बाजूनं शेवटी कार्यालयातल्या झाडूवालीनं सही केली. नातं काय लिहू, असं तिनं विचारलं तेव्हा ताईला रडू आवरेना.

इकडे दुपारपर्यंत समितीचा एकमतानं निष्कर्ष निघाला: कार्बोरेटर जागेवर नसल्यामुळे गाडी सुरू होत नाही.

वाचकांना या चौघांचा संताप आला असेल, आणि तो रास्तच आहे. मात्र गाडी मान टाकते हे वाचताच ज्यांना आधी 'स्लोचा स्क्रू जरा आवळा की, रेस सोडली तरी चालेल' असं सुचलं आणि ताई मागाहून आठवली, त्यांचं समितीत स्वागत आहे. दूधवाला घरी गेलाय. येताना पाना आणा.