रंधा चालवणाऱ्या प्रभावहिनी

प्रभावहिनी गोगटे कुणाकडेही गेल्या की आधी खुर्ची उलटी करत आणि मग बसत. घरातलं माणूस पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत खुर्चीचे चारही पाय छताकडे झालेले असत आणि वहिनी वाकून सांध्यात नख घालून बघत असत. "खिळा मारलाय," असं त्या ज्या स्वरात म्हणत, त्या स्वरात इतर बायका "दारू पितो हो तो" असं म्हणतात.

आम्ही सगळेच तेव्हा वाशीत नवे होतो. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी चिपळूणहून, कुणी साताऱ्याहून. इमारती नव्या, रस्ते रुंद, आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसलं तर आनंदाने हाक मारावी अशी परिस्थिती. गोगट्यांचा फ्लॅट आमच्या बरोब्बर डोक्यावर. त्यामुळे त्या कधी करवत चालवतात, कधी पटाशी ठोकतात आणि कधी नुसता पॉलिश पेपर घासतात हे मला पेपर वाचता वाचता कळे. आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवर वरून भुसा पडे. आमच्या पापडांना सागाचा वास येतो, अशी त्यांची पाहुण्यांत ख्याती होती.

हे वेड त्यांना लागलं ते एका सुतारामुळे. नव्या घरात कपाट करायला त्यांनी एक सुतार लावला. त्याने अर्धं कपाट उभं केलं, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. "किती उद्या बघायचे?" वहिनी म्हणाल्या आणि ठाण्याला जाऊन करवत, रंधा आणि काटकोन बघायचा गुण्या घेऊन आल्या. पहिला कप्पा तिरका बसला. दुसरा कमी तिरका. तिसरा सरळ बसला तेव्हा त्यांनी पहिले दोन काढून पुन्हा केले. तेव्हापासून त्यांच्या अंबाड्यात गजऱ्याऐवजी पेन्सिल दिसू लागली. लग्नकार्यातसुद्धा. पैठणी, नथ आणि पेन्सिल.

"सूतभर" हा त्यांचा आवडता शब्द. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. भाजी निवडताना, साडीला फॉल लावताना, कुणाच्या सुनेविषयी बोलतानाही त्या सुतात मोजत. "मुलगी चांगली आहे हो. सूतभर बोलते जास्त, पण ते घासलं की जाईल."

लाकडासाठी त्या वाशीतल्याच जुहूगावच्या नामदेव पाटलांकडे जात. पाटील गावातल्या मोडलेल्या घरांचे वासे आणि दारं विकत. एकदा मीही पिशवी धरायला म्हणून बरोबर गेलो होतो. पाटलांनी एक वासा पुढे केला. "ताय, यो साग हाय, माज्या आज्याचे घराचा. तुमाला देतो, दुसऱ्याला नाय." वहिनींनी वाशाला नाक लावलं, नखाने कोपरा खरवडला आणि म्हणाल्या, "पाटील, आजोबा खरे असतील, पण साग खोटा आहे." पाटील मांडीवर थाप मारून हसले. "ही बाय काय फसाची नाय," असं मला सांगून त्यांनी आतून खरा साग काढला.

माझ्या मेव्हणीला बघायला पाहुणे आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. मुलाचे वडील ज्या खुर्चीवर बसले होते ती करकरत होती. वहिनी पोहे द्यायला आल्या होत्या. त्यांनी दोनदा करकर ऐकली, बशी ठेवली आणि म्हणाल्या, "उठा हो जरा." गृहस्थ घाबरून उठले. पुढच्याच क्षणी खुर्ची उलटी. माझ्या बायकोने डोळे मिटले. वहिनींनी वरून सरस आणि एक पाचर आणली, सांधा बसवला, सुतळीने आवळला आणि "उद्यापर्यंत यावर कुणी बसू नका" असं बजावून गेल्या. मुलाचे वडील उरलेला कार्यक्रम पलंगाच्या काठावर बसले. जाताना म्हणाले, "ज्यांचे शेजारी इतके काळजी घेणारे, ते लोक चांगलेच असणार." लग्न झालं. मेव्हणीचा संसार आणि ती खुर्ची, दोन्ही आजतागायत करकरलेली नाहीत.

पावसाळ्यात इमारतीतली सगळी दारं फुगत. मग वहिनी पदर खोचून रंधा घेऊन मजल्यामजल्यावर फिरत. आमचे सेक्रेटरी शिरोडकर आपलं दार लाथ मारून उघडत. ते बघून वहिनी एकदा जिन्यातच थांबल्या. "दाराला लाथ मारणारा माणूस घरात कसा वागत असेल?" असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं. शिरोडकर बाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोललात!" त्या दिवसापासून शिरोडकरांचं आणि वहिनींचं फारसं जमलं नाही.

हे सगळं चाललेलं असताना त्यांच्या घरात एक दुखणं येऊन बसलं. वहिनींचे यजमान, वसंतराव, हे मोठ्या आवाजाचे गृहस्थ. जिना चढताना नाट्यगीत म्हणत आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एक कडवं संपवत. त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात तसाच लुळा राहिला. नोकरी सुटली. वसंतराव आतल्या खोलीत खिडकीशी बसू लागले. कुणी भेटायला गेलं की आतलं दार बंद होई आणि वहिनी म्हणत, "झोपलेत हो." आम्हाला माहीत असे की ते झोपलेले नाहीत. वहिनींनाही माहीत असे की आम्हाला माहीत आहे. वर्षभर तो माणूस जिना उतरला नाही.

त्या वर्षाच्या शेवटी सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावरचा हॉल रिकामा पडला होता. तिथे काय करायचं, असा विषय निघाला. शिरोडकर म्हणाले, "कॅरम ठेवू."

"कॅरम नको," वहिनी म्हणाल्या. "बसून खेळतात तो. टेबल टेनिस ठेवू."

"टेबल कुठून आणणार?"

"मी करते."

सभेत हशा पिकला. शिरोडकर म्हणाले, "वहिनी, ते काय पाट आहे? चेंडू सगळीकडे सारखा उडावा लागतो. नियम असतात त्याचे."

"मग नियम आणून द्या," वहिनी म्हणाल्या, "त्यात सूतभर चूक निघाली तर टेबल फोडून तुमच्या बंबात घाला."

दुसऱ्या दिवसापासून वर रंध्याचा आवाज सुरू झाला. लांब, एकसारखा, श्वासासारखा. मधूनमधून मी बघायला जाई. बाहेरच्या खोलीत लाकडी चौकटी मांडलेल्या, जमिनीवर ढलप्यांचा गालिचा, आणि वहिनी चौकटीवर लोखंडी पट्टी उभी धरून तिच्या खालून पलीकडचा उजेड दिसतो का ते एक डोळा मिटून बघताहेत. उजेड दिसला की तिथे पेन्सिलीची खूण. मग दोन हात रंधा. पुन्हा पट्टी. आतलं दार बंदच असे.

चौकटींवर प्लाय चिकटवायचा दिवस आला तेव्हा त्यांनी अख्ख्या इमारतीतून वजनं मागवली. पाटे आले, वरवंटे आले, एक जातं आलं, भरलेल्या ट्रंका आल्या. तरी दोन कोपरे उरले. वहिनींनी माझ्याकडे नखशिखान्त बघितलं. "तुम्ही बसा या कोपऱ्यावर. पेपर वाचा, पण हलू नका." दुसऱ्या कोपऱ्यासाठी तेवढ्या वजनाचा माणूस इमारतीत एकच होता, तो म्हणजे शिरोडकर. ते कसे कोण जाणे, पण आले. पाण्याच्या टाकीवरून त्यांचा आणि माझा सहा महिने अबोला होता. सरसाचा वास डोक्यात जात होता, पाठीला रग लागली होती, आणि उठायची सोय नव्हती. शेवटी शिरोडकर म्हणाले, "तुमचा पाय झोपला का हो?" मी म्हटलं, "दोन्ही." सरस सुकेपर्यंत टाकीचा प्रश्न मिटला होता.

टेबल खाली न्यायच्या रविवारी सगळी इमारत जिन्यात जमली. पाय पाचरी काढून सुटे झाले होते. पण पहिल्या वळणावर टेबलाचा अर्धा भाग अडकला तो अडकलाच. वर जाईना, खाली येईना. शिरोडकर भिंत आणि टेबल यांच्या मधून म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो!"

वहिनी वरच्या पायरीवरून शांतपणे म्हणाल्या, "जिना मोजूनच टेबल केलंय. तुम्ही उलटं फिरवताय. डावीकडची कड वर घ्या."

कड वर घेतली. टेबल कठड्याला न लागता, भिंतीला न घासता वळलं. मी फटीत बोट घालून बघितलं. सूतभर जागा उरली होती.

हॉलमध्ये टेबल उभं राहिलं, जाळी लागली. शिरोडकरांनी नियमांचा कागद काढून सगळीकडे चेंडू टाकून बघितला. मध्यावर, कडेला, कोपऱ्यात. चेंडू सगळीकडे सारखाच उडाला. ते कोपऱ्यात पुन्हा टाकून बघू लागले तेव्हा त्यांच्या बाई म्हणाल्या, "पुरे आता, मान्य करा." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पहिली टाळी वाजवली. मग सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. नारळ फुटला. शिरोडकर बॅट घेऊन पुढे झाले.

"जरा थांबा," वहिनी म्हणाल्या आणि वर गेल्या.

बराच वेळ गेला. मग जिन्यात पावलं वाजली. वहिनींच्या मागून, एकेक पायरी मोजून उतरत, वसंतराव आले. इस्त्रीची पांढरी पँट, उजवा हात खिशात. शिरोडकर बॅट टेबलावर ठेवून मागे सरले.

वहिनींनी पिशवीतून एक बॅट काढली. घरी केलेली. तिची मूठ नेहमीपेक्षा जाड होती आणि बोटांसाठी खळगे कोरलेले होते, डाव्या हाताच्या बोटांसाठी.

"प्रभा, डाव्या हाताने मी कधी खेळलो नाही," वसंतराव हळू म्हणाले.

"मी कुठल्याच हाताने खेळले नाही. कॉलेजातले चॅम्पियन तुम्ही. शिकवा मला."

वहिनींनी पदर खोचला. पहिला चेंडू वसंतरावांना लागलाच नाही. दुसराही नाही. तिसरा आणून देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. चौथा बॅटला लागून छताकडे गेला. सहावा की सातवा जाळीवरून पलीकडे पडला, आणि वहिनींनी तो असा काही टोलवला की थेट शिरोडकरांच्या पोटावर आदळला.

"मनगट, प्रभा, मनगट!" वसंतराव कडाडले. "तो रंधा नाही!"

तो जुना आवाज होता, जिन्यातला. वहिनी हसल्या. पुढचे दोन चेंडूही त्यांनी रंध्यासारखेच मारले. अर्ध्या तासात वसंतराव कपाळावर घाम घेऊन वाद घालत होते, "कडेला लागला! मी बघितलाय, कडेला लागला!" आणि गेम जिंकल्यावर डावा हात उंच करून ओरडले, "पुढचं कोण?"

त्या दिवसापासून ते हॉलमध्येच दिसू लागले. संध्याकाळी पाचला जे खाली येत ते जेवायलाच वर जात. एकदा माझी बायको वाटीत लोणचं घेऊन वर गेली. वहिनी एकट्याच एका फळीला रंधा मारत बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, खिडकीशी रिकामी खुर्ची.

"वहिनी, एकट्याच? कंटाळा नाही येत?"

"येतो ना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हात थांबवला. खालून वसंतराव कुणावर तरी ओरडत होते. ते ओरडणं संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. "खूप येतो. बरं वाटतं."

आणि त्यांनी पुन्हा रंधा हातात घेतला.