दशरथभाऊ आणि उभा विळा

दशरथभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात जात. ओसरीवर घरधनी सतरंजी झटकून "या, बसा" म्हणत असायचा, आणि हे गव्हाणीतली काडी दाढेखाली धरून उभे. चघळून झाली की निकाल. "गवत उशिरा कापलं तुमी," नाहीतर, "हे भिजेल हाय." मग बसायचे. दुःखाला गेले तरी क्रम हाच. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तिथेही मुलाच्या आधी गव्हाण पाहिली आणि चहा न घेता परतले.

"पोरगं चांगलं हाय," घरी येऊन म्हणाले, "पन ज्याच्या गोठ्यात बुरशीचा वास येते, तिथं पोरगी देऊ कशी?"

पुतणीची आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

मी तेव्हा जानेफळच्या बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, आणि तिकडून निघालेला कागद बुलढाण्यावरून आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला हुकूम बहुधा रद्द झालेला असे. त्यामुळे आयुष्य निवांत होतं. मग बायको बाळंत झाली आणि सासूबाईंनी नातवाच्या दुधासाठी गाय पाठवली. गाईला वर्षभराचं गवत हवं. शाळेमागच्या उतारावर दशरथभाऊंचं कुरण होतं. मी मागायला कुरणावरच गेलो.

"न्या की," ते म्हणाले. "पन कापायचं तुमी. आन् उभ्यानं."

आमच्याकडे गवत कापतात ते दिवाळीनंतर, पिवळं पडल्यावर, उकिडवं बसून, हातातल्या लहानशा विळ्यानं. दशरथभाऊंना यातलं काहीच मान्य नव्हतं. तरुणपणी ते बुलढाण्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर घोड्यांकडे होते. त्या साहेबाला स्वतः गवत कापायचा नाद. त्याच्याजवळ विलायतेहून आणलेला एक विळा होता. पुरुषभर दांडा, धरायला दोन मुठी आणि खाली दोन हात लांबीचं वाकडं पातं. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा नोकरांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. दशरथभाऊंनी विळा मागितला. तेव्हापासून ते गवत फुलावर असतानाच, हिरवं, उभ्यानं कापत आणि उन्हात वाळवत. तसं करणारे ते गावात एकटेच. दुसरा मी झालो.

"दव हाय तोवर यायचं," त्यांनी बजावलं. "ऊन चढलं का गवत इळ्याले दाद देत नाही."

पहिल्या पहाटे विळ्याचं टोक जमिनीत रुतलं. दुसऱ्या खेपेला ढेकूळ उडालं. तिसऱ्या खेपेला माझ्या धोतराचा सोगा कापला गेला, आणि पातं इतकं धारदार होतं की मला ते घरी गेल्यावर कळलं.

"जोर काऊन लावून राह्यले, मास्तर? गवताशी भांडन हाय काय तुमचं? कमरेतून फिरा. इळा जमिनीवरून सरकू द्या."

मी फिरलो. गवत वाकलं, विळा वरून गेला, गवत पुन्हा उभं राहिलं.

"पाहा, हसून राह्यलं तुमाले," दशरथभाऊ म्हणाले, आणि कमरेला लटकवलेल्या, पाणी भरलेल्या शिंगातला धारेचा दगड काढून पात्याला धार लावत बसले. चार हात कापलं की धार. धार लावताना बोलायचं नाही, असा नियम. धार झाली की माझ्या चुका पहिल्यापासून मोजून दाखवायच्या, असाही नियम.

आठवडाभरात माझी कंबर दोरीसारखी पिळवटली, पण विळा सरकू लागला. सुर्र असा आवाज यायचा आणि गवत डाव्या बाजूला ओळीनं पडायचं. मला वाटलं, आता चार दिवसांत आटपेल. पण मी जसजसा चपळ झालो, तसतसे दशरथभाऊ खुसपटं काढू लागले. एक दिवस म्हणाले, बुडं उंच राहिली, पुन्हा कापा. एक दिवस दव कमी पडलं म्हणून परत पाठवलं. एक दिवस मी सपासप दोन ओळी काढल्या, तर विळा माझ्या हातून घेऊन त्यांनी धार लावायला घेतली ती ऊन चढेपर्यंत.

वाळवणं तर कापण्याहून वाईट. कापलेलं पसरायचं, दुपारी पलटवायचं, संध्याकाळी लहान ढीग करायचे, सकाळी पुन्हा पसरायचं. मी वर्गात त्रैराशिक शिकवत असलो की खिडकीत दशरथभाऊ दिसायचे. "मास्तर, पलटवा लागते."

एकदा शाळा तपासायला बुलढाण्याहून डिप्टी साहेब आले होते. माझी नोकरी कायम व्हायची ती त्यांच्या शेऱ्यावर. पोरं कविता म्हणत होती. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि दशरथभाऊ खिडकीशी न थांबता सरळ वर्गात आले.

"उठा मास्तर. पानी येते."

"साहेब आलेत," मी दातओठ खात म्हणालो.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "येऊ द्या त्याइले बी. दोन हात जास्ती होतीन."

साहेब आले नाहीत. पण मी गेलो, कारण गाय माझी होती. गवत झाकलं. पाऊस चार थेंब टाकून निघून गेला. परत आलो तो शेरा लिहून झाला होता: 'शिक्षकाचे लक्ष अध्यापनापेक्षा गवताकडे अधिक.' नोकरी कायम व्हायची ती एक वर्ष लांबली. दशरथभाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "पन गवत वाचलं ना."

तीन आठवड्यांनी माझ्या परसात गंजी उभी राहिली. त्याच दिवशी शेजारच्या गंगूबाई, ज्या जन्मभर लोकांची कुरणं कापत आल्या होत्या, गंजीकडे पाहून म्हणाल्या, "यवढ्याले तीन हप्ते लागले काय, मास्तर? भाऊ तं एकटे दोन सकाईत साफ करत होते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कंबर, धोतर, नोकरी, सगळं एकदम आठवलं. तसाच त्यांच्या घरी गेलो.

दशरथभाऊ चुलीपुढे एकटेच भाकरी थापत होते. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, लेक शेगावला नांदत होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. इतके दिवस ते माझ्याकडे येत होते, पण मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवत होतो.

"तुम्ही हे कुरण दोन सकाळींत कापता म्हणे," मी म्हणालो.

"हाव."

"मग मला तीन आठवडे का राबवलं?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग ती उलटली.

"दोन सकाईत झालं असतं, मास्तर," ते म्हणाले. "मंग तिसऱ्या सकाई मानसानं काय कराव?"

मी भांडायला गेलो होतो. उंबऱ्यावरच बसलो. त्यांनी न विचारता माझ्यापुढे ताटली सरकवली, अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. उरलेली अर्धी त्यांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धोतर खोचू लागलो, तशी बायको जागी झाली.

"आता कुठं? गवत तं सरलं ना?"

"बांधावरचं राह्यलं हाय," मी म्हणालो.