दहा वाजून दहा मिनिटांचा माणूस

मेट्रन दुकानात शिरली तेव्हा घड्याळवाला एका इवल्याशा बायकी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि ओठ गच्च मिटलेले. या धंद्यात नुसता उसासा टाकला तरी एखादा स्क्रू उडतो आणि आठवडाभर सापडत नाही.

"बाळ्या, तिजोरी उघड. माझी ठेवीची पावती दे. चारच्या आत बँकेत जायचंय."

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याची ही थोरली बहीण एका इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी तिचा आवाज ऐकला की माणसं उगाच सरळ बसत. ती पावती म्हणजे तिचे दोन्ही गुडघे. ते बदलायचे म्हणून तिने पैसे बाजूला काढले होते आणि आपल्याच हातून मोडले जाऊ नयेत म्हणून पावती भावाच्या तिजोरीत ठेवली होती.

"ऑपरेशनची तारीख मिळाली?"

"ऑपरेशन नंतर. आधी कर भरायचाय."

"कसला?"

"नाण्यांवरचा."

घड्याळवाल्याने चिमटा खाली ठेवला. मेट्रनने रुग्णाच्या नातेवाइकांना समजावतात तसं त्याला समजावलं. अकरा आठवड्यांपूर्वी फोनवर चुकून कुणाचा तरी संदेश आला होता. तिने 'राँग नंबर' असं कळवलं. त्या माणसाने माफी मागितली आणि विचारलं, जेवलात का? तेव्हापासून तो रोज दुपारी दीडला विचारतो. माणूस निघाला गुंतवणुकीचा सल्लागार. त्याच्या सांगण्यावरून तिने निवृत्तीच्या पैशातले थोडे फोनमधल्या नाण्यांत घातले. त्याचे आता बारापट झालेत. ते काढून घ्यायचे तर आज चारच्या आत कर भरायचा.

"ती नाणी दिसतात?"

"आकडा दिसतो."

"हातात येतात?"

"कर भरला की येतात."

"मग कर त्यातूनच कापून घ्या म्हणावं."

"तसा नियम नाही."

"कुणाचा नियम?"

"त्याचाच. फार काटेकोर माणूस आहे."

एवढ्यात घड्याळवाल्याची बायको डबा घेऊन आली. तिने सगळं उभ्या उभ्या ऐकलं.

"वन्सं, या माणसाला तुम्ही पाहिलंय कधी?"

"रोज पाहते. फोटो पाठवतो ना!" मेट्रनने फोन पुढे केला. सल्लागार कचेरीत बसलेला. सल्लागार जेवणाच्या टेबलाशी. सल्लागार आईबरोबर कुंड्यांना पाणी घालताना. चेहरा सालस, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर घड्याळ.

घड्याळवाल्याने भिंग लावून तिन्ही फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले.

"घड्याळ भारी आहे," तो म्हणाला. "पण बंद आहे."

"काय?"

"कचेरीत दहा वाजून दहा. जेवताना दहा वाजून दहा. संध्याकाळी झाडांना पाणी घालतोय तेव्हाही तेच. पडलं असणार कुठेतरी. आणून दे म्हणावं, परवा देतो."

घड्याळवाल्याचा परवा साऱ्या वस्तीला ठाऊक होता. तो उजाडेपर्यंत कधी कधी झाडाची पानं झडून नवी येत.

मेट्रनने मनापासून निरोप धाडला, तुमचं घड्याळ बंद आहे, माझा भाऊ दुरुस्त करून देईल. लगेच उत्तर आलं. 'मॅडम, माझं घड्याळ सेकंदाचीही चूक करत नाही. कर भरलात का?'

"मग आत्ताचा फोटो मागा," बायको म्हणाली. "मनगटाचा."

फोटो यायला सहा मिनिटं लागली. मेट्रनने तो पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या एकोणीस घड्याळांत दोनला दहा कमी होते. सल्लागाराच्या मनगटावरही दोनला दहा कमी होते.

"बघा! आता तरी पटलं? काढ किल्ली, बाळ्या."

बायको मटकन स्टुलावर बसली. घड्याळवाल्याने कमरेची किल्ली काढली आणि तिजोरीत घातली. अर्धी फिरवली आणि थांबला. बंद घड्याळ कुणाचाही हात न लागता चालू झालं, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती.

"तो फोटो पुन्हा दाखव, ताई."

भिंग पुन्हा डोळ्याला गेलं. "याची चावी डावीकडे कशी गेली?"

"कसली चावी?"

"काटे फिरवायची घुंडी. ती उजवीकडे असते. मघाच्या तिन्ही फोटोंत होती. आणि इथे तारीख बघ, आकडा उलटा." त्याने काचेच्या कपाटातलं एक कोरं घड्याळ काढलं आणि गिऱ्हाइकांच्या आरशासमोर धरलं. हातात दहा वाजून दहा, आरशात दोनला दहा कमी. "जुनाच फोटो उलटा करून पाठवलाय."

मेट्रन कपाटाकडे बघत राहिली. आत विकायची घड्याळं ओळीने उभी होती. सगळ्यांत दहा वाजून दहा.

"विकायची घड्याळं अशीच ठेवतात, ताई. काटे वर केले की हसल्यासारखी दिसतात. हा माणूस कुठल्यातरी जाहिरातीतला आहे."

भिंतीवर टकटक, टेबलावर टिकटिक.

"अकरा आठवडे," मेट्रन शेवटी म्हणाली, "रोज मला कुणीतरी विचारलं, जेवलात का. बाळ्या, तू शेवटचं कधी विचारलंस?"

घड्याळवाल्याला काळवेळ बरोबर सांगता येत असे. या खेपेला तो नुसता अर्धी फिरवलेली किल्ली तिजोरीतून काढत बसला.

मग मेट्रन उठली आणि वॉर्डात उभी राहायची तशी उभी राहिली. तिने कुणाला शिवी दिली नाही. एकूणएक संदेशाचे फोटो काढून ठेवले, बँकेला फोन केला, सल्लागाराला ब्लॉक केलं आणि सायबर पोलिसांत जाऊन तक्रार लिहून दिली. आधी भरलेल्या पैशांची हमी पोलिसांनी दिली नाही. पण एक गोष्ट बजावली. "आता बुडालेले पैसे काढून देतो म्हणणारे येतील, तेही त्यांचेच. आणि अनोळखी नंबरावरून एकाएकी माया आली, की सावध व्हायचं." हे वाक्य मेट्रनने पुठ्ठ्यावर लिहून फ्रिजला चिकटवलं.

त्या रात्री बायको नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बहिणीला जेवलीस का विचारायला परका चोर लागला हो!"

घड्याळवाल्याचं आजवर दुकानातल्या जुन्या फोनवर भागत होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने मोबाइल घेतला. नंबरापुढे फोटो हवा म्हणून बायकोने कपाटातल्या एका घड्याळाचा टिपून लावला. दुपारी भिंग लावून, वीस मिनिटं खपून, त्याने दोन शब्द लिहिले आणि बरोबर दीडला पाठवले. 'जेवलीस का.'

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा संदेश पाठवला, तो पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइल पहिल्यांदाच वाजला.

"सायबर पोलीस. एका निवृत्त मेट्रनबाईंना तुम्ही जेवणासंबंधी संदेश पाठवता का?"

"हो."

"उद्देश?"

घड्याळवाल्याने विचार केला. "जेवली का ते कळावं."

"सगळे असंच सांगतात," पोलीस म्हणाला. "दुकानाचा पत्ता सांगा."

पत्ता सांगून होतोय तोच मेट्रन दारात हजर. चेहऱ्यावर अकरा आठवड्यांत नव्हतं असं तेज.

"बाळ्या, अजून एक पकडला! मेला पहिल्यापेक्षा निर्लज्ज. तो निदान अहो-जाहो करायचा, हा सरळ एकेरीवर. आणि फोटो कसला लावलाय, ठाऊक आहे? घड्याळाचा. दहा वाजून दहा!"

बायको डब्याच्या पिशवीत डोकं खुपसून काहीतरी शोधायला लागली. घड्याळवाल्याने मोबाइल उलथा करून रुमालाखाली सरकवला.

"फार हुशार झालीस तू," तो म्हणाला. मग भिंग काढलं आणि खाली बघतच विचारलं, "ताई, जेवलीस का?"

मेट्रनचे डोळे बारीक झाले. ती पुढे आली आणि नाडी बघायला धरावा तसा तिने त्याचा हात धरून उचलला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, घुंडी कुठल्या बाजूला आहे तेही पाहिलं. सेकंदकाटा पूर्ण एक फेरी मारेपर्यंत तिने हात सोडला नाही.

"चालू आहे," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "नाही जेवले. काय आणलंय डब्यात?"